हार्लन टोलेफसन बर्फावर पाय रोवतो

बायको रोज सकाळी हसत घरी यावी आणि ती कशाला हसते आहे याचा आपल्याला पत्ता नसावा, हे दुःख कुणाला सांगायला गेलं तर लोक वेड्यात काढतील. म्हणून हार्लन टोलेफसन ते कुणाला सांगत नव्हता. ओटच्या लापशीत चमचा फिरवत एकटाच सोसत होता.

आर्डिस उजाडायच्या आत धावायला जायची. स्प्रूस हार्बरमध्ये धावणाऱ्यांचं एक मंडळ होतं. उन्हाळ्यात काय, कुणीही धावेल, थंडीत धावतो तो खरा, असं त्या मंडळींचं मत. आणि सुपीरियर सरोवराच्या त्या काठावर थंडी म्हणजे काही पाहुणी नव्हे, अर्धं वर्ष घर करून बसणारी. आर्डिस परत यायची तेव्हा पापण्यांवर हिम साचलेलं, गाल लालबुंद, आणि ओठांवर ते हसू.

"काय झालं?" हार्लन विचारायचा.

"काही नाही रे. लॉइड म्हणजे ना..." आणि कॉफी ओतता ओतता ती पुन्हा हसायची.

"लॉइड म्हणजे काय?"

"सांगून कळण्यासारखं नाही."

लॉइड स्टेनरूड हा त्या मंडळाचा म्होरक्या. निवृत्त दंतवैद्य. निम्म्या गावाचे दात त्याने उपटले होते, तरी गाव त्याच्यावर जीव टाकायचं. हार्लनने आयुष्यात कुणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता. तो काउंटीच्या कचेरीत करआकारणी अधिकारी होता. लोकांची घरं रस्त्यावरून पाहायची आणि त्यांची किंमत ठरवायची, एवढंच त्याचं काम. पण लॉइड दिसला की लोक हात हलवायचे आणि हार्लन दिसला की गॅरेजचं दार खाली ओढायचे. माणसाला दात परत मिळत नाहीत, तरी तो विसरतो. वाढलेला कर मात्र दर वर्षी नव्याने आठवतो.

आर्डिसवर त्याला संशय वगैरे होता असं मुळीच नाही. संशय घ्यायला लागते ती कल्पनाशक्ती करआकारणी खात्यात फार दिवस टिकत नाही. त्याला इतकंच वाटायचं, की मुलगी शिकायला दूर गेल्यापासून या घरात दोनच माणसं उरली आहेत, आणि त्यातल्या एकाचं सगळं बोलणं सकाळी रस्त्यावरच संपून जातं. घरी येतं ते उरलंसुरलं हसू.

एका सकाळी त्याने चमचा खाली ठेवला. जरा जोरातच ठेवला गेला.

"मीही येणार," तो म्हणाला. "फेब्रुवारीत गोठलेल्या खाडीवर शर्यत आहे ना तुमची? मी तुझ्याबरोबर धावणार."

आर्डिस काहीतरी बोलायला तोंड उघडून उभी होती. तिने ते मिटलं.

"बर्फावर?"

"बर्फावर."

"बरं," ती म्हणाली. आणि मग जरा वेळाने, "आधी बुटांना ग्रिप घे मात्र. नाहीतर पडशील."

हार्लन त्याच दुपारी पडला. ग्रिपांवाचून कितपत जमतं ते पाहावं, म्हणजे ग्रिप कितपत लागतील याचा अंदाज येईल, असा त्याचा शास्त्रशुद्ध विचार होता. अंदाज दाराबाहेर दुसऱ्याच पावलाला आला. दोन्ही पाय आकाशाकडे गेले आणि तो पाठीवर पडून स्वतःच्याच छपराकडे पाहू लागला. त्या अवस्थेतही त्याला छपराची कौलं बदलायला झाली आहेत हे दिसलं, हा सवयीचा भाग.

शेजारचा व्हर्न माकी फावडं टाकून धावत आला. हात द्यायला नाही, सल्ला द्यायला.

"उठू नकोस! हलू नकोस! आधी सांग, टाच आधी टेकवलीस की चवडा?"

"व्हर्न, मला उठव."

"उठवतो रे. पण पुन्हा पडशील. कारण समजून घेतल्याशिवाय उठण्यात काय अर्थ आहे? तू पेंग्विनासारखं चालायला हवंस. भार पुढे. हात बाजूला. हे असं." आणि माल वाहून निवृत्त झालेला तो सव्वाशे किलोचा माणूस हार्लनच्या भोवती पेंग्विन होऊन दोन फेऱ्या मारून आला. रस्त्यावरून जाणारी एक गाडी मुद्दाम हळू झाली.

आता एखाद्याने सरळ दुकानात जाऊन एक जोड आणला असता. पण हार्लनने आयुष्यात कुठलीही गोष्ट तुलना केल्याशिवाय ठरवली नव्हती. त्याने संगणक उघडला आणि ग्रिपांबद्दल लोकांनी काय लिहिलं आहे ते वाचायला घेतलं. त्या दिवसापासून त्याच्या आयुष्यातली शांतता संपली.

ग्रिप म्हणजे बुटावर रबरी पट्ट्याने चढवायचं एक जाळं. एवढी साधी वस्तू. पण तिच्यावरून जगात किती वैर माजलं आहे याची त्याला कल्पना नव्हती. काही ग्रिपांना तळाशी तारेच्या स्प्रिंगा असतात, काहींना बारीक खिळे, काहींना साखळ्या आणि त्या साखळ्यांना सुळे. स्प्रिंगवाले खिळेवाल्यांना शिव्या देत होते. खिळेवाले साखळीवाल्यांना भेकड म्हणत होते. एका बाईंनी एका जोडाबद्दल लिहिलं होतं, 'याने माझा जीव वाचवला.' त्याच्याच खाली दुसऱ्या बाईंनी त्याच जोडाबद्दल लिहिलं होतं, 'माझा घोटा मोडला, आता पलंगावरून लिहिते आहे.' दोघीही खोटं बोलत असतील असं वाटेना. हार्लन रोज संध्याकाळी वाचत बसायचा आणि आर्डिस समोर विणकाम घेऊन बसायची.

"ठरलं?" ती मधेच विचारायची.

"जवळपास."

आणि रोज सकाळी ती धावून येत होती आणि तो अजून लापशीसमोरच होता.

शेवटी तो दुकानात गेला. तिथल्या जॉयसबाई ग्राहकाला वस्तू विकत नसत, त्याची परीक्षा घेत.

"धावायला, चालायला की बर्फात भोक पाडून मासे धरायला?"

"धावायला."

"भुसभुशीत बर्फ, दाबलेला बर्फ की नुसती काच?"

"आमच्या गल्लीत तिन्ही आहेत."

"मग तीन जोड लागतील."

हार्लनने एकच घ्यायचा ठरवून स्प्रिंगवाला मागितला. मध्यम माप चढेना, मोठं माप टिकेना.

"मधलं काही?"

"मधलं माप निघत नाही. लोक सहसा कुठल्यातरी एका बाजूचे असतात," जॉयसबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात करुणा होती.

"बाहेर जाऊन जरा पावलं टाकून बघू का?"

"गालिच्यावर बघा. बर्फाला लागलेला माल परत घेत नाही आम्ही."

"पण बाई, बर्फावर चालतात की नाही हे बर्फावर गेल्याशिवाय कसं कळणार?"

"त्यासाठी तर लोक आधी वाचून येतात," जॉयसबाई म्हणाल्या. तो गालिच्यावर चार येरझारा घालून आला. गालिच्यावर तो एकदाही घसरला नाही.

बाहेर आल्यावर मात्र चमत्कार झाला. ग्रिप चालले! बर्फ कुरकुरत होता, पाय ठरत होता. हार्लन ताठ मानेने रस्ता ओलांडून गेला. कुणी बघत असेल तर बघावं म्हणून थोडा धावलासुद्धा. आणि त्याच तोऱ्यात तो थेट आपल्या कचेरीत शिरला. तारेच्या स्प्रिंगा बर्फावर जितक्या घट्ट धरतात तितक्याच घोटीव फरशीवर सटासट सुटतात, हे त्या सगळ्या वाचनात कुठेतरी आलं असेलही. पण नेमकं ते त्याच्या नजरेतून निसटलं होतं.

कचेरीच्या दालनात त्या दिवशी लुथरन चर्चच्या बायकांनी मदतनिधीसाठी खाऊचं टेबल मांडलं होतं. बाकांवर कराविरुद्ध तक्रार घेऊन आलेले लोक बसले होते. म्हणजे ज्यांना हार्लन पडावा असं मनापासून वाटत होतं ती सगळी माणसं एके ठिकाणी, तोंडं दाराकडे करून, आयती जमलेली होती. हार्लन दारातून आत आला, आणि येतच राहिला. त्याला थांबता येईना. तो उभ्याउभ्या, एका हातात कागदांची पिशवी घेऊन, गंभीर चेहऱ्याने, बाकांसमोरून सरकत गेला. एकदोघांनी सवयीने "गुड मॉर्निंग" म्हटलं. त्यानेही म्हटलं. मग टेबल आलं.

लिंबाच्या वड्यांची तीन ताटं, एक चॉकलेटचा केक आणि करआकारणी अधिकारी असं सगळं एकदमच जमिनीवर आलं. मग बाकावरचा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "या टेबलाची किंमत आता थोडी उतरवावी लागेल, नाही का?"

घरी आल्यावर हार्लनने आर्डिसला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तिला तोवर पाच जणींचे फोन येऊन गेले होते. तिने त्याच्या कॉलरमागून लिंबाचं सारण पुसून काढलं आणि विचारलं, "फार लागलं का रे?" ती हसली नाही. तिला हसू आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

व्हर्नने वेगळंच निदान केलं. "चूक ग्रिपांची नाहीच. चूक आपल्या वळणावरच्या बर्फाची. तो पट्टा वर्षानुवर्षं कुणी साफ करत नाही. नगरपालिकेला सांग. तू सरकारी माणूस, तुझं ऐकतील."

हार्लन गेला. रस्त्यांचं खातं त्याच्याच इमारतीत, दोन दारं सोडून होतं. तिथला डेल त्याच्याबरोबर रोज दुपारचं जेवायचा. पण कामाच्या वेळी डेल कुणाला ओळखत नसे.

"तो पट्टा कुणाचा, ते आधी ठरवायला हवं," डेल म्हणाला. "ज्याची जमीन, त्याचा बर्फ. हद्दींचे नकाशे कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे."

"मग बघून या आणि सांगा."

हार्लन आपल्या खोलीत गेला, नकाशा उघडला आणि खुर्चीत बसला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तो पट्टा त्याचाच होता. जुन्या एका मोजणीत सुटून गेलेली, व्हर्नच्या कुंपणापर्यंत जाणारी चिंचोळी जमीन, इतकी वर्षं स्वतःच्या नाकासमोर असून त्याने धरली नव्हती. त्याने नकाशा मिटला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण हार्लन प्रामाणिक होता. हा त्याचा गुण त्याला आयुष्यभर महागात पडत आला होता. तो डेलकडे गेला आणि म्हणाला, "माझा आहे."

"असं होय," डेल म्हणाला. "मग तो बर्फ परवापर्यंत काढा. नाहीतर नोटीस लावावी लागेल. आणि हार्लन, जमीन वाढली म्हणजे घराची आकारणीही..."

"कळलं."

"तुलाच करावी लागेल ना ती?"

"कळलं म्हटलं ना, डेल."

त्या शनिवारी हार्लन कुऱ्हाड घेऊन आपल्या नव्या मालमत्तेवरचा बर्फ फोडत होता, आणि व्हर्न कुंपणाला टेकून कॉफी पीत त्याचं अभिनंदन करत होता. संध्याकाळपर्यंत हार्लनची पाठ अशी धरली की त्याला दाराच्या मुठीपेक्षा वरचं काही दिसेना. रात्रीतून पुन्हा हिम पडलं.

"ऐक माझं," व्हर्नने आता निर्वाणीचं सांगितलं. "ग्रिप, स्प्रिंगा, सगळी शहरी थेरं. जुना बूट घे, तळव्याला पत्र्याला मारायचे स्क्रू पिळ. आमचे काका असेच बर्फावर लाकडं ओढायचे. तू माझ्या गॅरेजची किंमत वाढवून ठेवली आहेस ना? चल, त्याच गॅरेजात बसून करू. पैसे वसूल होतील."

व्हर्नने अर्धा दिवस खपून दोन्ही बुटांच्या तळव्यांत स्क्रू पिळले. हार्लनने बूट चढवले, गॅरेजच्या अंगणात उभा राहिला, आणि खरंच, पर्वतासारखा उभा राहिला. व्हर्नने त्याला ढकलून पाहिलं. तो ढळला नाही. हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं आहे असं दोघांनाही वाटलं. मग हार्लन म्हणाला, "व्हर्न, स्क्रू किती लांबीचे आहेत?"

"का?"

"आत आले आहेत."

पायात टोचतंय, बूट सुटत नाहीत, गाठ गोठलेली, अशा अवस्थेत माणूस कुठे जातो? घरी जातो. हार्लन लंगडत, ओरडत, स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरला आणि बैठकीच्या खोलीतून नाचत थेट न्हाणीघरात गेला. बूट कात्रीने कापून काढल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. आर्डिसने गेल्या उन्हाळ्यात हौसेने बसवून घेतलेल्या लाकडी जमिनीवर, दारापासून न्हाणीघरापर्यंत, एखादं मोठं अस्वस्थ जनावर चालून गेल्यासारखी भोकांची रांग उमटली होती.

आर्डिस त्या रांगेकडे पाहत उभी होती. पूर्वीची आर्डिस असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. ही आर्डिस नुसती जिना चढून गेली. तिने वरच्या खोलीतला गालिचा खाली आणला, भोकांवर अंथरला, आणि हार्लनच्या पायाला औषध लावत म्हणाली, "हार्लन, हे नाही केलं तरी चालेल. खरंच."

तिने 'खरंच' फार हळू म्हटलं होतं. हार्लनला वाटलं, आपण तिच्या बरोबरीने धावू शकणार नाही याबद्दल तिची खात्री पटली आहे. त्याचा अभिमान दुखावला. त्याच संध्याकाळी त्याने सुळेवाल्या साखळ्यांचा जोड मागवला.

तो आला, आणि आश्चर्य म्हणजे चांगला निघाला. पायाला बसला. बर्फात रुतला. हार्लन काळोख असताना एकटाच गल्लीत धावून आला आणि पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीठ टाकून बर्फ वितळवलेल्या पदपथावर ठिणग्या उडाल्या, एक कुत्रा भुंकत मागे लागला, पण तो उभा होता. उभं राहण्यातही इतकं सुख असतं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी खाडीवर सगळं गाव लोटलं होतं. आदल्या दोन दिवसांच्या वाऱ्याने वरचं हिम झाडून नेलं होतं आणि खाली उरली होती काळी, नितळ काच. बेटाला वळसा घालून परत यायचं, एवढाच मार्ग. लॉइड कर्णा हातात घेऊन उभा होता. त्याने हार्लनच्या पायांकडे पाहिलं.

"साखळ्या! वा! पण या थंडीत रबर दगा देतं बरं का. माझ्या गाडीत खिळ्यांचा जादा जोड आहे. देऊ?"

त्याने हे अगदी मायेने, आणि आर्डिससमोर, आणि कर्ण्यातून विचारलं.

"गरज नाही," हार्लन म्हणाला.

शर्यत सुटली आणि सुरुवातीचा काही वेळ हार्लन टोलेफसन आपल्या बायकोच्या शेजारी धावत होता. हे त्याच्या आयुष्यात कोरून ठेवण्यासारखं घडत होतं, पण त्याला दम इतका लागला होता की बोलता येईना. आर्डिसही बोलत नव्हती. ती दात आवळून धावत होती. दोघं असे शेजारीशेजारी, एकही शब्द न बोलता, बेटापर्यंत गेले. म्हणजे लापशीसमोर बसून जे होत होतं तेच, फक्त जास्त थंडीत.

बेटाच्या वळणावर डाव्या पायाचं रबर तुटलं. तुटताना बंदुकीसारखा आवाज झाला. साखळी पायातून निघाली आणि वाऱ्याबरोबर, खळखळ वाजत, काचेवरून कॅनडाच्या दिशेने निघून गेली.

"तू पुढे हो," हार्लन म्हणाला.

"अरे पण..."

"पुढे हो म्हटलं ना! मी आलोच."

आर्डिस गेली. हार्लन एका पायावर विश्वास आणि दुसऱ्यावर अविश्वास ठेवून पुढे सरकायला लागला. उजवा पाय रुतायचा, डावा सुटायचा, आणि सगळा माणूस उजव्या पायाभोवती होकायंत्राच्या काट्यासारखा फिरायचा. मागून येणारे एकेक जण त्याला ओलांडून गेले. प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. एकाने सांगितलं गुडघे वाकवा. एकीने सांगितलं गुडघे वाकवू नका. जवळच बर्फात भोक पाडून मासे धरायला बसलेल्या माणसांच्या झोपड्या होत्या, त्यांतल्या एकीचं दार उघडून व्हर्न बाहेर आला आणि ओरडला, "पेंग्विन, हार्लन! पेंग्विन!"

हार्लनने पेंग्विन होऊन पाहिलं आणि आडवा झाला. या वेळी तो उठला नाही. उठून करायचं काय, असा प्रश्न त्याला पडला, आणि उत्तर सापडेना. खालून बर्फाचा गार हात पाठीवर फिरत होता. चर्चच्या बायका, जॉयसबाई, डेल, भोकं पडलेली जमीन, कुऱ्हाडीने फोडलेला स्वतःचाच बर्फ, सगळं एकेक करून डोळ्यांसमोरून गेलं. आणि एवढं सगळं कशासाठी, तर बायकोच्या शेजारी गप्प बसून राहण्याऐवजी गप्प धावण्यासाठी.

कुणीतरी येऊन त्याच्या शेजारी बसलं. आर्डिस होती.

"तू का परत आलीस? शर्यत?"

"मला नाही धावायचं."

"माझ्यामुळे."

"नाही रे बाबा." तिने कंबर धरली आणि पाय लांब केले. चेहरा कळवळला. "माझी कंबर गेली आहे, हार्लन. नाताळापासून. डॉक्टर म्हणाले, बंद करा. मी मंडळ सोडते हे सांगायला त्या सकाळी तोंड उघडलं, तर तू चमचा आपटलास आणि म्हणालास, मीही येणार."

हार्लन आडवाच होता. त्याने फक्त मान वळवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? तू रात्ररात्र वाचत होतास. मग तू वड्यांमध्ये पडलास. मग कुऱ्हाड घेतलीस. मग पाय भोसकून घेतलेस. एवढं सगळं माझ्याबरोबर धावायला म्हणून करणाऱ्या माणसाला, मला धावायचंच नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"आणि ते हसणं? लॉइडचं?"

"लॉइड रोज एकच किस्सा सांगतो. अक्कलदाढेचा. जाताना सांगतो आणि येताना पुन्हा सांगतो. घराचं दार दिसलं की सुटले या आनंदानेच हसू यायचं मला."

वारा सुरूच होता.

"म्हणजे आपल्या दोघांपैकी," तो म्हणाला, "इथे यायचं कुणालाच नव्हतं."

"कुणालाच."

"मग आपण इथे काय करतो आहोत?"

"मला विचारू नकोस. मला गार लागतंय."

व्हर्न तोवर आपली बर्फावर चालणारी मोटार सुरू करायच्या खटपटीत होता. दोरी ओढायचा, ती खोकायची, आणि गप्प व्हायची. "पाचच मिनिटं!" तो ओरडला. मग आणखी एकदा ओरडला, "पाचच मिनिटं!" तिसऱ्यांदा मात्र त्याने सल्ला दिला, "तुम्ही निघाच!"

दोघांनी उभं राहून पाहिलं. आर्डिसच्या ग्रिपांनी ती उभी राहत होती, पण कंबर सरळ होत नव्हती. हार्लनची कंबर सरळ होत होती, पण तो उभा राहत नव्हता. दोघं मिळून एक धड माणूस होण्याऐवजी ते पुन्हापुन्हा एकमेकांच्या अंगावर कोसळत राहिले. शेवटी आर्डिस म्हणाली, "खाली. हातापायांवर."

"आर्डिस, समोर सगळं गाव आहे."

"मग माझ्या मागे ये. तुला फक्त मी दिसेन."

तिने त्याच्या हातांवर स्वतःचे जाड लोकरी हातमोजे चढवले आणि स्वतःच्या हातांत आतले, लॉइडच्या मंडळाचे पातळ हातमोजेच ठेवले. ओली लोकर बर्फाला जराशी चिकटायची आणि मग सुटायची. एकेक तळवा टेकला की ठरायचा. हार्लन सरपटत निघाला. अशी पकड त्याला आजवर कुठल्याच जोडाने दिली नव्हती.

"आर्डिस," वाटेत तो म्हणाला.

"काय?"

"तो अक्कलदाढेचा किस्सा काय आहे?"

"आत्ता?"

"वेळ आहे आपल्याकडे."

मग तिने सांगायला सुरुवात केली. किस्सा खरोखरच वाईट होता. एक शेतकरी, एक दाढ, आणि मग ती दाढ भलत्याच माणसाची निघाली, असं काहीतरी. मध्येच तिला कळ यायची म्हणून ती थांबायची, मध्येच पुढचं विसरायची आणि मागून सुरू करायची. हार्लनने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. खाडी लांब होती, तरी त्याला ती फार लांब वाटली नाही.

शेवटच्या रेषेपाशी लोक घरी जायला निघाले होते. ते थांबले. लॉइडने कर्णा तोंडाला लावला. "आणि आता येत आहेत..." त्याने डोळे बारीक केले. "येत आहेत... थांबा जरा..."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि ज्यांच्या घरांची आकारणी हार्लनने वाढवली होती ते सगळे जोरजोराने टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्यांत माया किती आणि सूड किती, हे काही हार्लनला वेगळं करता येईना. त्याने प्रयत्नही केला नाही.

रेषेवर आल्यावर त्याला एकदम आपल्या पदाची आठवण झाली. निदान रेषा तरी माणसासारखी ओलांडावी म्हणून त्याने एक गुडघा उचलला.

पुढून आर्डिसने मागे न बघताच सांगितलं, "हार्लन, उठू नकोस."

हार्लन उठला नाही.